भाकरीवरचा हात

मागून कुणीतरी खांद्यावर दोन बोटं टेकवली, एवढंच झालं होतं. वजिराबादला ऑफिसं सुटायची वेळ, ऑटोंचे भोंगे, रसवंतीची घुंगरं, आणि शिवकन्या पेढ्यांचा पुडा छातीशी धरून मिठाईच्या दुकानाच्या पायऱ्या उतरत होती. बोटं टेकली आणि तिचा उजवा हात गेला. ती आधी वळली की हात आधी गेला, हे तिला नंतर कितीदा आठवूनही सांगता आलं नाही. मुठीला काहीतरी ओलं आणि टणक लागलं, आणि मग तिला दिसलं, की पन्नाशीचा एक माणूस तोंडावर हात धरून मागे मागे चालला आहे आणि त्याच्या बोटांमधून रक्त सदऱ्यावर गळतं आहे. त्याच्या दुसऱ्या हातात तिचा रेल्वेचा पास होता. पायरीवर पडलेला. तो द्यायला आला होता. "बाई, तुमचा..." असं काहीसं तो म्हणाला, पण ओठ फाटला होता, शब्द नीट उमटले नाहीत. तोवर लोक जमले. बाईनं मारलं म्हणजे यानं काहीतरी केलंच असणार. पानटपरीवरच्या एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं पाठीत घातली, मग कोण कुठून मारतंय ते कळेनासं झालं. चप्पल, हेल्मेट, कोपर. माणूस खाली बसला तसा लाथांचा आवाज बदलला, जड झाला. "त्यानं काही केलं नाही" असं तिला ओरडायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण घशातून काही येईना. घसा मातीनं भरल्यासारखा झाला होता, आणि ती पुडा धरून बघत उभी राहिली.

ओरडली ती अर्शिया. अर्शिया तिच्याच ऑफिसातली, शेजारच्या टेबलावर बसणारी, आणि रोज सकाळी रेल्वेच्या मैदानावर तिच्या गोलंदाजीला स्टंपमागं उभी राहणारी. ती समोरच्या दुकानातून बांगड्या टाकून धावत आली आणि गर्दीत शिरली. "हटा! अरे काय मारून राहिले त्याला, मरंल ना तो! हटा म्हणते ना!" दोघातिघांना तिनं खांद्यानं ढकललं. माणूस उठला. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. पास मात्र त्याच्या हातात अजून होता, तो त्यानं पायरीवर ठेवला आणि एक पाय ओढत गर्दीतून निघून गेला. पासच्या प्लास्टिकवर त्याच्या अंगठ्याचा लाल ठसा होता.

ऑटोत बसल्यावर अर्शियानं विचारलं, "काय केला गे त्यानं?"

"काही नाही."

"मग मारलीस कशाला?"

"माहीत नाही. हात गेला."

"हात असा आपोआप जात असतो का?" अर्शिया म्हणाली. ती रागावली होती. मग तिची नजर शिवकन्येच्या मुठीकडं गेली आणि राग घाबरून गप झाला. "या अल्ला. सुजून राहिला. परवा कॅम्पला जायचंय ना तुला?"

दुपारीच फोन आला होता. भारताच्या संघात नाव आहे. साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्या शिपायानं तिला कुंकू लावलं. पाच वर्षं गेली होती. पाच वर्षांपूर्वी ती भारताकडून दोन सामने खेळली होती, देशातली सगळ्यात वेगवान बाई म्हणून तिचा फोटो छापून आला होता, आणि मग ती एकाएकी दिसेनाशी झाली होती. मोटारसायकलवरून पडली, हात मोडला, असं सगळ्यांना माहीत होतं. ऐन कॅम्पच्या तोंडावर मोटारसायकलवर बसते, बेफिकीर मुलगी आहे, असं निवड समितीतल्या कुणीतरी म्हटल्याचंही तिच्या कानावर आलं होतं. ते तिनं ऐकून घेतलं होतं.

क्वार्टरमध्ये आल्यावर तिनं बादलीत गार पाणी घेतलं आणि हात बुडवून बसली. पाण्यात हात मोठा दिसतो. मधलं बोट मधल्या पेरापासून अनामिकेकडं कललेलं, जणू तिला काही सांगायला वाकलं आहे. अनामिकेचं हाड एका ठिकाणी गाठीसारखं वर आलेलं. या हातानं चेंडू धरायला तिला पुन्हा शिकावं लागलं होतं. पहिल्या वर्षी तर पेनसुद्धा धरता येत नव्हतं, फायलींवर ती डाव्या हातानं शेरे मारायची. मग चेंडू बोटांत बसायला लागला, पण सुटताना मधलं बोट काही साथ देईना, आणि पूर्वी बाहेर जाणारा तिचा चेंडू आता टप्पा पडून आत यायला लागला. पूर्वी फलंदाज चकायच्या. आता त्यांना लागायचं. मांडीला, बरगडीला, कोपराला. लागलं की एक आवाज यायचा आणि शिवकन्येच्या पोटात काहीतरी गोड हलायचं. ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. अर्शियालासुद्धा नाही. आज मुठीवर तो ओठ फाटला तेव्हाही क्षणभर तेच हललं होतं का? तिनं पाण्यातला हात मिटला, दुखेपर्यंत मिटला. हात असा आपोआप जातो का. जात असेल, तर मग शंकरचाही गेला असेल. हा विचार तिला पाच वर्षांत पहिल्यांदा आला आणि ती बादलीसमोर तशीच बसून राहिली.

शंकर म्हणजे शिवशंकर, तिचा धाकटा भाऊ. त्यानं तिचा हात मोडला होता. मोटारसायकल वगैरे काही नव्हतं.

त्याआधीची गोष्ट भूकंपाची. तेरणेच्या काठचं गाव, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. वडील अण्णाराव, म्हणजे आबा, शेतावर राखणीला गेले होते, घरात आई जगदेवी आणि ही दोघं. शिवकन्या सात वर्षांची, शंकर चार. तिला आठवतं ते हलणं नव्हे, आवाजही नव्हे. आठवतं ते तोंड उघडलं आणि ते भरलं. मातीनं. वर एक तुळई आडवी अडकली होती, तिच्याखाली ही दोघं, आणि आईचा पाय, फक्त पाय, जोडव्यांसकट. तो हलवला तर हलायचा आणि सोडला की पडायचा. माती थुंकली तरी घशात आणखी होती, आवाजाच्या जागी नुसती फुंकर निघायची. वर कुठेतरी माणसं चालत होती, हाका मारत होती, लांब जात होती. शंकर रडत होता. मध्येच तो गप व्हायचा, आणि गप झाला की ती पावलं लांब जायची. मग तिच्या हाताला एक दगड लागला. तिनं त्याच्या नडगीवर मारला. तो किंचाळला. पुन्हा गप झाला की पुन्हा. एकाच जागी, अंधारात चाचपून, जोरानं. किती वेळ ते तिला माहीत नाही. उजेडाची रेघ आत आली आणि एका जवानाचा हात आला, तेव्हा शंकरच्या पायाचं मांस दिसत होतं. लोक म्हणाले, भिंतीच लागल्या पोराला. आणि मग गावात, पत्र्याच्या शेडांत, पुनर्वसनाच्या नव्या सिमेंटच्या घरांत, एकच गोष्ट सांगितली गेली: पोरगा रडला म्हणून पोरगी वाचली. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "एवढुसं लेकरू, पर बहिणीला वाचिवलं." शिवकन्या ऐकायची. दगडाचं तिनं सांगितलं नाही. सुरुवातीला आवाजच नव्हता, आणि आवाज आला तोवर गोष्ट पक्की झाली होती.

आवाज नव्हता त्या दिवसांत ती दगड मारायची. शेडच्या पत्र्यांवर, लांबून, पळत येऊन. पत्रा वाजला की आतल्या बाया शिव्या द्यायच्या, लहान पोरं पुन्हा हललं म्हणून घाबरून बाहेर पळायची. शेषेराव नावाचे एक मास्तर होते, त्यांनी तिला पकडून दोन थोबाडीत दिल्या आणि दगड काढून घेऊन हातात चेंडू दिला. तिथून पुढचं सगळं भराभर झालं. जिल्हा, राज्य, मग रेल्वेची नोकरी. ती धावत आली की समोरचीच्या डोळ्यांत जे यायचं ते बघायला ती धावत यायची. आबांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांचं लक्ष शंकरवर होतं. शंकरला डॉक्टर करायचं होतं. ज्या पोरानं चार वर्षांचा असताना जीव वाचवला, तो मोठेपणी किती वाचवील.

लातूरला तेव्हा क्लासेसचं वेड भरात आलं होतं. नांदेडहून, परभणीहून, मुखेडहून, पार किनवटहून बापलोक पोरांना आणून सोडत होते, गल्लीगल्लीत फलक, फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांचे पासपोर्ट फोटो. आबांनी गाव सोडलं, क्लासच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि खानावळ काढली. शंकर क्लासला जायचा, आबा आणि रोजंदारीवरच्या दोन बायका तिथल्याच पोरांना जेवू घालायच्या. शंकर पहाटे उठून हाडांची नावं पाठ करायचा, आबा भाजी चिरता चिरता ऐकायचे, अडखळला की हातातला उलथणा त्याच्या पाठीत बसायचा. शिवकन्या सुटीत यायची तेव्हा तिला वळ दिसायचे. एकदा ती म्हणाली, "आबा, असं मारून डोक्यात जातंय का?" आबा म्हणाले, "तुला न्हाई मारलं म्हणून तू बॉल खेळायलीस." पहिल्या वर्षी शंकरचा नंबर लागला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसवला. त्या वर्षीचा निकाल आला त्याच दिवशी पेपरात शिवकन्येचा फोटो आला.

ती कॅम्पआधी दोन दिवस घरी आली होती. रोजंदारीवरची एक बाई आली नव्हती म्हणून ही भाकरी थापायला बसली होती. समोर परात, उजव्या हाताचा तळवा पिठावर, डावा हात परातीच्या कडेला. बाहेर पोरांची पंगत, कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होतं, हसत होतं. शंकर दारात उभा होता. निकाल त्यानं सकाळीच सांगितला होता. दिवसभर आबा त्याला एक शब्द बोलले नव्हते, आणि आता ते आमटीचं पातेलं उचलता उचलता, पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "देवानं हिचा हात तुला लावायला पाहिजे होता रे. हिला बांगड्या भरायला कोणता बी हात चालला असता." पोरं हसली. शिवकन्याही थोडी हसली असावी. तिला ते आठवत नाही, पण हसली असावी. मग खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तिच्या हातावर पडला. पिठात हात रुतला आणि पीठ लाल झालं, आणि तिला पहिल्यांदा जाणवलं ते दुखणं नव्हे, तर भाकरी वाया गेली हे. बत्ता दुसऱ्यांदा पडला तेव्हा ती ओरडली.

दवाखान्यात नेलं नाही. दवाखान्यात विचारतात, पोलिसांना कळवतात. आबांनी तिला रिक्षात घालून उदगीरच्या बाजूला हाडं बसवणाऱ्या एकाकडं नेलं. त्यानं तोंडात फडकं दिलं, बोटं ओढली, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. वाटेत आबांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते रडत होते. "गाडीवरून पडली म्हण, माय. पोराची जिंदगी हाय. त्यानं तुला जिंदगी दिली, तू त्याची नासू नको." ती हो म्हणाली. ती हो का म्हणाली हे तिला तेव्हा पक्कं माहीत होतं: कारण दगडाचं फक्त तिलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती अर्शियाला सांगून लातूरच्या एसटीत बसली. अर्शिया म्हणाली, "बॅग भरायची सोडून तिकडं कशाला मरायला जाऊन राहिलीस?" शिवकन्या म्हणाली, "एक विचारायचंय." पाच वर्षांत भावाशी तिचं बोलणं लग्नाकार्यात, लोकांसमोर, "आलीस" आणि "निघाले" एवढंच. गाडीच्या खिडकीची काच सारखी थडथडत होती आणि तिच्या मनात तो बाजारातला माणूस पुन्हा पुन्हा खाली बसत होता. तिचा हात गेला होता. तिला माहीत नव्हतं. ही गोष्ट तिला आता हवीहवीशी वाटायला लागली होती. शंकरनंही एवढंच म्हणावं. अक्का, हात गेला. मग ती त्याच्या समोर बसून त्याच्या हातचं जेवील, आणि परतीच्या गाडीत झोपेल.

खानावळ आता दुमजली झाली होती. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं रांगेत उभी होती, हातात फॉर्म्युल्यांचे कागद. गल्ल्यावर आबा, एका डोळ्यानं अधू झालेले. "आलीस का माय! पेपरात आलंय म्हणं तुझं!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, मग उजवा पाहून पटकन सोडला. ती सरळ आत गेली. शंकर कणीक मळत होता. तो जाड झाला होता, डोक्यावरचे केस विरळ झाले होते. त्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि नडगीवरचा खळगा दिसत होता.

"शंकर, एक विचारते. खरं सांग."

"विचार की."

"त्या दिवशी मारलंस तवा तुला कळलं होतं का? का हात गेला नुसता?"

त्यानं गॅस बारीक केला. हाताची कणीक काढून परातीत टाकली. तोवर ती मनातल्या मनात त्याच्या वतीनं बोलायला लागली होती.

"कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"उजवा कोणता ते. डावा माझ्या जवळ होता, अक्का. परातीच्या कडेला. मी पलीकडला बघून मारला." त्यानं बोटांकडं बोट दाखवलं, हात लावला नाही. "कुठलं हाड कुठं असतंय ते पाठ होतं की मला. दोन वर्षं तेच केलं."

बाहेर ताटं वाजत होती. शिवकन्या भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं राग येईल. आला नाही. बसमध्ये जे मऊ झालं होतं ते सगळं परत जागच्या जागी टणक बसलं, आणि त्यात एक विचित्र निवांतपणा होता.

"मी बी एक विचारू?" शंकर म्हणाला. "ढिगाऱ्यात तू मला कशाला मारून राहिली होतीस?"

"तू चार वर्षाचा होतास. तुला कसं आठवंल."

"मला आई आठवत न्हाई. तिचं तोंड न्हाई आठवत. एवढंच आठवतंय. अंधार, आन् तू दगडानं मारायलीस."

"तू गप झालास की लोक लांब जायले. तू रडलास तरच कुणाला तरी ऐकू जाईल म्हणून. माझ्या तोंडात माती होती, शंकर."

तो तिच्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे, समजून घ्यायचं आहे पण घेता येत नाही, तसा. "मी कुठं गप झालो, अक्का? मी तर रडतच होतो की. गळा फुटंस्तोवर रडत होतो. तरी तू मारायचीस."

अंधार, तुळई, जोडवी. पावलं लांब जात होती हे नक्की. तो गप झाला होता. झाला होता ना? का ती पावलंच लांब जात होती, आणि तिला कुणावर तरी ते काढायचं होतं, आणि हाताशी तोच होता? तिनं सगळा जोर लावून आत पाहिलं, पण तिथं नुसता दगडाचा स्पर्श होता, एका बाजूनं धारदार, आणि मारल्यावर त्याचं किंचाळणं, आणि त्या किंचाळण्यानं आपण अजून आहोत हे कळणं. बाकी काही नव्हतं. वीस वर्षं तिनं ज्यावर घर बांधलं होतं, त्याच्याखाली तिला पक्कं काही लागेना.

"मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटायचं माहीत हाय."

शंकरनं मान हलवली. मग तिच्या सुजलेल्या मुठीकडं पाहिलं. "हे नवीन काय?"

"बाजारात एकाला मारलं. पास द्यायला आला होता बिचारा."

"कळलं होतं?"

"न्हाई."

तो उठला, फ्रीजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधला आणि तिच्यासमोर ठेवून परत परातीपाशी जाऊन बसला. आबा दारात आले होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. "काय उकरून राहिलाव दोघं? पोरं ताटकळलीत बाहेर."

"आबा," ती म्हणाली, "मी आता गाडीवरून पडले म्हणून सांगणार न्हाई."

"म्हंजी? अगं त्याचं घरदार हाय, धंदा हाय. लोकं काय म्हणतील? ज्यानं तुला वाचिवलं..."

"त्यानं न्हाई वाचिवलं. मी त्याला दगडानं मारत होते. म्हणून तो वरडत होता."

आबांना ते कळलं नाही. त्यांनी शंकरकडं पाहिलं. शंकर कणकेचे गोळे करत होता. "सांगू द्या तिला," तो मान वर न करता म्हणाला. "तिचा हात हाय."

ती जेवली नाही. बर्फ मात्र हातावर धरून एसटी स्टँडपर्यंत गेली.

कॅम्पमध्ये फिजिओ बाईनं हात उलटसुलट करून पाहिला, बोट वाकवलं, फाइल उघडली. "मोटारसायकल ना?" तिनं लिहिता लिहिता विचारलं. "नाही," शिवकन्या म्हणाली. "भावानं मारला. बत्त्यानं. दोनदा." बाईचं पेन थांबलं, मग पुन्हा चाललं. शिवकन्येला वाटलं होतं की हे वाक्य उच्चारताना आभाळ वगैरे कोसळेल. बाजूच्या टेबलावर कुणीतरी पायाला पट्टी बांधून घेत होतं आणि पाण्याची बाटली मागत होतं. सूज उतरायला सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत वेळ लागला.

सामना बडोद्याला होता. मैदानावर शाळांमधून आणलेल्या मुली होत्या, कागदी झेंडे होते आणि ऊन होतं. पाहुण्यांची सलामीची फलंदाज उंच होती, हेल्मेटखालून पिवळी वेणी पाठीवर सोडलेली, आणि तिनं शिवकन्येला पहिल्याच षटकात चोप दिला. पहिला चेंडू कव्हरमधून, दुसरा डोक्यावरून. तिसरा तर तिनं पाऊल पुढं टाकून असा हाणला, की मिडऑफच्या पोरीनं हात मागं घेतला. शिवकन्या धापत होती. पाच वर्षं ती या दिवसाकडं बघत आली होती आणि दिवस तिला तुडवत होता. दुसऱ्या षटकातही दोन चौकार गेले. कर्णधार जवळ आली. "काढू का तुला? नंतर आणते." "नको," शिवकन्या म्हणाली. "आणखी एक दे."

पुढच्या षटकाच्या सुरुवातीला ती आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली आणि हातातल्या चेंडूकडं पाहिलं. राग शोधला. नेहमी तो असायचा, धावायला लागलं की पायातून वर चढायचा आणि हात त्याच्या हवाली केला की काम व्हायचं. आज तो नव्हता. हात होता नुसता. वाकड्या बोटाचा, स्वतःहून काही न करणारा हात. तो आता ती सांगेल तेच करणार होता. चेंडू कुठं टाकायचा हे तिनं ठरवलं. अर्ध्या खेळपट्टीवर, आपटून, उजव्या खांद्याच्या रोखानं. लागेल हे माहीत होतं. दुखेल हेही माहीत होतं. ती धावत गेली आणि तिनं तो तिथंच टाकला.

फलंदाज मागं सरली, बॅट वर घेतली, पण चेंडू टप्प्यावरून आत शिरला आणि खांद्याच्या खोबणीत बसला. आवाज आला. ती गुडघ्यावर आली, मग आडवी झाली. शिवकन्या चालत पुढं गेली. पोटात गोड असं काही हललं नाही. तिची मान उन्हानं भाजत होती आणि ती त्या पडलेल्या बाईच्या हातांकडं बघत होती. बॅट अजून हातात होती. पडतानासुद्धा तिनं सोडली नव्हती. आपण काय करणार आहोत हे हिला माहीत होतं, शिवकन्येच्या मनात आलं. मी धावत येत होते तेव्हा ही माझ्या हाताकडंच बघत होती. भाकरी थापणारी बघत नव्हती, चार वर्षांचा पोरगा बघू शकत नव्हता, पास घेऊन आलेल्यानं तर पाठीमागून अदबीनं बोटं टेकवली होती. ही बघत होती आणि तरी उभी राहिली होती.

त्यांचा डॉक्टर आला, हात फिरवून पाहिला, फवारा मारला. ती उठली. गोल फिरवून खांदा मोकळा केला, स्टंपसमोर जाऊन पुन्हा गार्ड घेतला. तेवढ्या वेळात शिवकन्येला हसू आलं, अगदी आतून, तिचं तिलाच नवल वाटेल असं. ही उठली याचा तिला आनंद झाला होता, आणि हिला आता बाद करायचं होतं, आणि या दोन गोष्टींची आपसात काही मारामारी नव्हती.

पुढचा चेंडू तिनं पूर्ण लांबीचा टाकला, पायांशी. वाकड्या बोटातून सुटून तो आत आला, बॅटच्या खालून गेला आणि मधली दांडी मागं जाऊन पडली. पोरी ओरडत धावत आल्या. पिवळ्या वेणीची बाई बॅट काखेत मारून परत निघाली, आणि शिवकन्येच्या शेजारून जाताना खांदा चोळत, थेट डोळ्यांत बघून, तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत. शिवीच असावी. शिवकन्येनं तिला तिच्याच दमात एक परत हासडली, लातूरच्या खानावळीतली, चांगली सणसणीत. बाई थबकली, हसली आणि गेली. मग शिवकन्येनं चेंडू मागून घेतला आणि पँटवर घासत आपल्या खुणेकडं चालू लागली. षटकातले चार चेंडू अजून बाकी होते.